पांढरी पाच आणि काळी चारच्या मधला आवाज

२४ मे

कारखान्यात मशीन अडलं की ब्रेकडाउन रजिस्टरला नोंद करायची असते: काय दिसलं, काय तपासलं, काय बदललं, पुन्हा कधी बिघडलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बारा वर्षं मेंटेनन्सला काढल्यावर हात आपोआप वहीकडं जातो. म्हणून आत्याच्या स्पीकरचीही वही घातली.

आत्या मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात माडीवर गाणं शिकवते. सकाळी गल्लीतल्या पोरी येतात, संध्याकाळी कॉम्प्युटरवर बाहेरगावचे तीन-चार जण. तानपुरा आता ॲपमधलाच. कॉम्प्युटरचा आवाज एका लहान ऑडिओ मिक्सरमध्ये जातो, आत्याचा माइकही त्यालाच, आणि मिक्सरमधून २.१ चे स्पीकर. म्हणजे एक वूफरचा डबा आणि त्याची दोन पिल्लं. डबा सात-आठ वर्षांचा, मिक्सर गेल्या दिवाळीतला.

तक्रार: "डबा घूं करतोय." कधीपासून म्हणून विचारलं तर, "थोडा पहिल्यापासून होता. आता बसवत नाही." नाशिकच्या शिष्येनं परवा विचारलं म्हणे, मागं दोन तानपुरे लावलेत का.

ॲप बंद करून कान लावला. खर्जात एकसुरी आवाज, न थांबणारा. मी खिशातला मोबाईल काढून स्पेक्ट्रम दाखवणारं ॲप शोधतोय तोवर आत्यानं पेटीचा भाता सोडला आणि दोन पट्ट्या दाबून दाखवल्या. "हे बघ. पांढरी पाचच्या वर, काळी चारच्या खाली. पांढरीकडं झुकलेला. माझा सा काळी चार. तानपुऱ्याचा खर्ज लागला की हा त्याच्याशी भांडत बसतो."

घरी येऊन हिशोब केला. पांढरी सहा ४४० हर्ट्झ धरली तर खर्जातली पांढरी पाच येते ९८ हर्ट्झला आणि काळी चार १०३.८ ला. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची दुप्पट १००. बरोबर दोघींच्या मधे, पांढरीकडं झुकून. आणि जवळचे दोन सूर एकत्र वाजले की त्यांच्या फरकाएवढे हेलकावे येतात: १०३.८ मधून १०० गेले की सेकंदाला जवळजवळ चार. आत्या ज्याला भांडण म्हणते ते हे. निदानातला पहिला आकडा पेटीवर मिळाला, मोबाईल नुसता हातातच राहिला.

जाता जाता: देशाच्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवायची असते. म्हणजे हा सूर पेटीपेक्षा पक्का. पेटी उतरेल, हा उतरायचा नाही.

२५ मे

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कारखान्यात नव्या पोरांना मी हेच शिकवतो आणि स्वतः घाईत हेच मोडतो, त्यामुळं लिहून ठेवलं.

व्हॉल्यूम शून्यावर आणला. आवाज तसाच. डब्याच्या मागची इनपुट केबल उपटली. आवाज तसाच. आता डब्याला फक्त विजेची वायर आणि स्वतःचे स्पीकर. तरीही घूं. म्हणजे दोष डब्याच्या आत, व्हॉल्यूमच्या बटणानंतरच्या भागात. कॉम्प्युटर, मिक्सर, केबली, सगळे निर्दोष सुटले. (निदान मला तसं वाटलं. पुढं वाचा.)

आणखी एक शंका फेडून घेतली. ट्रान्सफॉर्मर स्वतःही घुमतो, त्याचे पत्रे सेकंदाला शंभर वेळा ताणले-सैलावले जातात म्हणून. तो आवाज स्पीकरच्या कोनमधून येत नाही, डब्याच्या लाकडातून येतो. वूफरची वायर काढून डब्याला कान लावला: अगदी बारीक, डास लांब असल्यासारखा. तक्रार त्याची नव्हे.

केबल उपटल्यावर मोकळ्या टोकाला बोट लावलं की भर्रर्र होतं, त्याचा अर्थ काही नाही. आपलं अंगच घरातल्या वायरिंगचं अँटेना असतं. केबल खराब आहे असं समजून लोक नवी घेतात.

२८ मे

वळीव. सहा वाजता वीज कडाडली आणि लाईट गेली. आत्याचा क्लास इन्व्हर्टरवर चालू. मी खाली चहा घेत होतो, तिथंच ऐकू आलं की घूं आता खरखरीत झाली आहे, गोलाई गेली. आमचा इन्व्हर्टर जुना, चौकोनी लाटेचा. साइन लाटेत नसलेले वरचे सूर त्यात भरपूर. पुरवठ्याचा आकार बदलला तसा आवाजाचा पोत बदलला, म्हणजे आवाज पुरवठ्यातूनच झिरपतोय.

१ जून

डबा उघडला. आधी प्लग काढला, दहा मिनिटं ठेवला, मग मोठ्या कपॅसिटरच्या दोन पायांत रेझिस्टर धरून उरलीसुरली चार्ज घालवली. आत ट्रान्सफॉर्मर १२-०-१२ चा, चार डायोड, दोन कपॅसिटर २२०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचे, आणि हीटसिंकला टीडीए २०३०, म्हणजे ॲम्प्लिफायरची चिप. आपल्याकडच्या स्वस्त २.१ डब्यांत बहुधा हेच कूळ सापडतं.

इथं थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळा खेळ या दोन कपॅसिटरांचा आहे. डायोड एसीच्या दोन्ही बाजू एकाच दिशेला वळवतात, त्यामुळं ५० च्या जागी सेकंदाला १०० उंचवटे मिळतात. कपॅसिटर म्हणजे घागर: उंचवट्याला भरते, मधल्या खळग्यात ॲम्प्लिफायरला पाणी देते. घागर मोठी असली तर पातळी फारशी हलत नाही. लहान झाली की पातळी सेकंदाला शंभर वेळा वरखाली होते आणि ते हलणं स्पीकरपर्यंत पोचतं. घागर लहान होते कशी? इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरच्या आत ओलसर द्रव असतो, तो वर्षानुवर्षं उष्णतेनं वाळतो. दर दहा अंशांनी तापमान वाढलं की आयुष्य साधारण निम्मं. आणि हा डबा आत्यानं खिडकीच्या उन्हात ठेवलेला, वर क्रोशाचा रुमाल, हवा जायची भोकं झाकलेली.

एका कपॅसिटरची टोपी फुगलेली. दुसरा दिसायला ठणठणीत. दिसण्यावर जायचं नाही म्हणून मोजलं. डबा चालू ठेवून, एक हात पाठीमागं, मीटर एसीवर: पॉझिटिव्ह रेलवर (ॲम्प्लिफायरला वीज देणाऱ्या तारेवर) ०.९५ व्होल्ट, निगेटिव्हवर ०.१३. हिशोबानं १०० मिलीअँप करंट धरला तर चांगल्या २२०० ला ०.१३ च्या आसपासच यायला हवेत. ०.९५ म्हणजे २२०० च्या घागरीत तीनशेच उरलेत.

मीटरबद्दल: घरातल्या पिवळ्या स्वस्त मीटरनं आधी मोजलं तेव्हा ३० च्या वर आकडा आला आणि मी दचकलो. त्या जातीच्या मीटरमध्ये एसी रेंजवर डीसी अडवायला काही नसतं, डीसीच दुपटीनं दाखवतो. प्रोबला एक छोटा कपॅसिटर सिरीजमध्ये लावला तर निभावतं, पण सर्वांत खालची रेंज २०० व्होल्टची, ०.१ च्या खालचं त्याला दिसत नाही. शेवटी कारखान्यातला मीटर रात्रीपुरता मागून आणला.

डायोड चारही ठीक, ०.५५ च्या आसपास. एखादा उघडा असता तर अर्धीच लाट मिळाली असती आणि सूर १०० च्या जागी ५० वर आला असता. आत्याच्या कानानं ते पहिल्याच दिवशी बाद केलं होतं.

२ जून

राजारामपुरीत गेलो. ३३०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट, १०५ अंशवाले दोन घेतले. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "साहेब, ८५ वाले घ्या की, स्वस्तात पडतंय." पैशाचा फरक वडापावचाही नाही. १०५ चे घेतले. उंची मोजून नेली होती, डब्यात बसतात. फार मोठी घागर घेऊ नये, चालू करताना पहिल्या झटक्यात डायोडवर ताण येतो. दीडपट ठीक.

४ जून

बदलले. वजा खूण दोनदा तपासली, निगेटिव्ह रेलच्या कपॅसिटरचा प्लस ग्राउंडला येतो, तिथं चूक झाली तर फटाका. मीटर: दोन्ही रेलवर ०.०९. व्हॉल्यूम शून्यावर, कान कोनला लावून: काही नाही. टीडीएची स्वतःची बारीक सुसकारी तेवढी.

फुशारकीनं सगळं जोडून आत्याला बोलावलं. तिनं पाच सेकंद ऐकलं.

"गेला नाही. खाली गेला. तोच सूर, एक सप्तक खाली."

मला आधी पटेना. मग व्हॉल्यूम फिरवला आणि आवाज बटणाबरोबर वरखाली झाला. आधीचा बटणाला जुमानत नव्हता. हा दुसरा दोष, आधीपासूनच असणार, पहिल्याच्या पोटात लपलेला. सूर ५० हर्ट्झचा. २५ तारखेला व्हॉल्यूम शून्यावर आणला तेव्हा आवाज "तसाच" राहिला असं लिहिलंय. तसाच नव्हता, थोडा कमी झाला असणार. मोठ्या आवाजापुढं मला कळलं नाही. रजिस्टरमध्ये "तसाच" हा शब्द आकड्याशिवाय लिहू नये.

७ जून

सुट्टीचा दिवस. वाया गेलेले प्रयोग एकत्र लिहितो.

फेराइटचा मणी केबलला लावला. काही नाही. तो रेडिओच्या फ्रिक्वेन्सीचा कचरा अडवतो, ५० हर्ट्झला त्याच्या लेखी तो तारेचा तुकडाच. पंख्याचा रेग्युलेटर: जुना फिरता, इलेक्ट्रॉनिक. दोन-तीनवर पंखा असला की एक करकर मिसळते, फुल केला की जाते. लाट मधेच कापून वेग कमी करणाऱ्या रेग्युलेटरचा हा स्वभाव. पण ती करकर वेगळी, पंखा बंद केला तरी घूं चालूच. मॉनिटर बंद, ट्यूब बंद, देवघरातला दिवा बंद. आत्या म्हणाली, "आता मला पण बंद करून बघ."

८ जून

कॉम्प्युटर काढून माझा लॅपटॉप मिक्सरला लावला, बॅटरीवर. शांत. इतकं शांत की खालून कुकरची शिट्टी ऐकू आली. आता डेस्कटॉपची केबल परत लावली. घूं. डेस्कटॉप बंद केला पण प्लग बोर्डातच: घूं. डेस्कटॉपचा प्लग काढला: शांत.

कॉम्प्युटर बंद असूनही घूं, हे महत्त्वाचं. म्हणजे साउंड कार्डाचा, ड्रायव्हरचा, सॉफ्टवेअरचा काही संबंध नाही. प्लग बोर्डात असल्याशी संबंध आहे.

कुठला प्लग कुठल्या बोर्डात, ते काढून पाहिलं. डेस्कटॉप दाराजवळच्या जुन्या बोर्डात. मिक्सर खिडकीकडच्या नव्या बोर्डात, तो चार वर्षांपूर्वी शेजारच्या न्हाणीत गिझर बसवला तेव्हा केलेल्या लाइनवर आहे. दोघेही थ्री-पिन. स्पीकरचा डबा टू-पिन, त्याला अर्थच नाही.

संशय अर्थिंगवर. दोन यंत्रं दोन ठिकाणांहून अर्थ झालेली, आणि मधे ऑडिओ केबलची जाळी (आतल्या सिग्नलच्या तारेभोवतीचं तारांचं आवरण) दोघांना जोडते. ग्राउंड लूप म्हणतात ते. पुस्तकातलं चित्र डोळ्यापुढं आलं आणि वाटलं झालं, सापडलं. निम्मंच बरोबर निघालं.

१० जून

कारखान्यातल्या एका मित्राकडून आयसोलेटर उसना आणला. डबीत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात: आवाज चुंबकातून पलीकडं जातो, तारेनं तार जोडलेली राहत नाही, त्यामुळं जाळीतून करंट वाहत नाही. मधे लावला, घूं गेली. आत्यानं तानपुरा लावला आणि कपाळाला आठी घातली. "खर्ज कुठाय?" खरंच, खर्जाची तार पोकळ झाली होती. स्वस्त डबीतल्या नखाएवढ्या गाभ्याला खालचे सूर झेपत नाहीत. गाडीत गाणी ऐकायला चालेल. तानपुऱ्याला खर्जच नसेल तर राहिलं काय. परत.

१२ जून

ही नोंद लिहायला लाज वाटते.

ऑडिओचं सामान विकणाऱ्या एका दुकानात विचारलं. तिथला पोरगा ऐकून हसला. "मिक्सरला टू-पिन कन्व्हर्टर लावा, अर्थची पिन हवेत. विषय संपला. स्टेजवाले समदे तेच करत्यात." वीस रुपयांचा कन्व्हर्टर. मला हे करू नये हे माहीत होतं. कारखान्यात कुणी ग्राइंडरची अर्थ पिन कापली तर मी मेमो देतो. पण घूं संपायची घाई, आणि "तात्पुरतं बघू तरी".

लावला. घूं गेली. खर्ज जागेवर. आत्या खूश, मला पन्हं मिळालं. कन्व्हर्टर तसाच राहिला.

१४ जून

सकाळी सातला आत्याचा फोन. "अरे, माइक चावतोय."

ओठ जाळीला लागला की झिणझिण्या. फरशी शहाबादी, पावसाळी ओल, पाय अनवाणी. मी गाडी कशी काढली आठवत नाही. जाऊन आधी कन्व्हर्टर उपटला, मग सगळेच प्लग. माइकच्या जाळीला टेस्टर लावायला परत जोडलं तेव्हा लाल दिवा मिणमिणला.

आत्याला काही झालं नाही. पण ती म्हणाली तेच खरं: "माझ्या जागी ती आठ वर्षांची पोर गात असती तर?"

१५ जून

आता नीट मोजलं. कॉम्प्युटर जुन्या बोर्डात, बाकी सगळं सुटं. कॅबिनेटच्या पत्र्यापासून नव्या बोर्डाच्या अर्थ पिनपर्यंत: १०८ व्होल्ट एसी. याच दोन टोकांमध्ये मीटर मायक्रोअँपवर: ०.३ मिलीअँपच्या जवळ, त्यात मॉनिटरचाही वाटा.

१०८ कुठून आले? कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यात, फेजपासून पत्र्याला एक आणि न्यूट्रलपासून पत्र्याला एक, असे दोन बारीक कपॅसिटर मुद्दाम बसवलेले असतात, आतला हाय फ्रिक्वेन्सीचा कचरा अर्थमध्ये सोडायला. अर्थ असेल तर त्यांच्यातून येणारा किंचितसा करंट अर्थमध्ये निघून जातो, कुणाला कळत नाही. अर्थ नसेल तर पत्रा त्या दोघांच्या मधोमध लोंबकळतो, २३० च्या निम्म्यावर. ११५ यायला हवेत, मीटर स्वतः थोडे खातो, म्हणून १०८.

म्हणजे जुन्या बोर्डात अर्थच नाही. ८ तारखेचं माझं चित्र, दोन अर्थ आणि त्यांच्यातला लूप, चूक. अर्थ एकच आहे, मिक्सरकडचा. कॉम्प्युटरचा करंट वाट शोधत ऑडिओ केबलच्या जाळीतून मिक्सरकडं जातो आणि तिथून जमिनीत. जाळी आणि जॅकचे सांधे मिळून एक ओहम धरला तरी ०.३ मिलीव्होल्ट. ऑडिओचा सिग्नल साधारण ०.३ व्होल्टचा, त्याचा हजारावा भाग. दिवसा पेठेतल्या गोंगाटात कळणार नाही, पहाटे खर्जाच्या रियाजाला कळतो.

आणि मी कन्व्हर्टर लावून काय केलं? ती एकमेव वाट बंद केली. करंट वाहायचा थांबला म्हणून आवाज गेला. पण मग कॉम्प्युटर, मिक्सर, माइक, सगळी साखळी १०८ व्होल्टवर तरंगायला लागली आणि पुढची वाट आत्याच्या ओठांतून पायाकडं. एसएमपीएस धड आहे म्हणून झिणझिण्यांवर भागलं. त्यातला एखादा कपॅसिटर शॉर्ट झाला असता तर पत्र्यावर अख्खी फेज.

कन्व्हर्टर मोडून टाकला. आत्याला सांगितलं, मी येईपर्यंत क्लास मोबाईलवर घे, माइक नाही.

२१ जून

वायरमन मामा आले. पेठेतले जुने, आजोबांच्या वेळचा मीटरबोर्ड त्यांच्या गुरूनं बसवलेला. दारातच म्हणाले, "मिक्सरनं शॉक दिला म्हणं?" आणि थेट स्वयंपाकघरात चटणीच्या मिक्सरकडं गेले. माडीवर आणायला पाच मिनिटं लागली.

"मामा, या बोर्डात अर्थ आहे का बघा."

"तीन भोकं हायत न्हवं?"

"हायत. पण मागं काय आहे?"

बोर्ड उघडला. मागं दोनच तारा. लाकडी बॅटनवरून आलेली फेज आणि न्यूट्रल. तिसऱ्या भोकामागं पितळेचा स्क्रू, गंजलेला, मोकळा. टू-पिनचा सॉकेट काढून कधीतरी कुणीतरी थ्री-पिनचा बसवला, तार कुणी ओढली नाही. मामांनी होल्डरला लावलेला साठचा बल्ब काढला: फेज-न्यूट्रल लख्ख, फेज-अर्थ अंधार. मग नव्या बोर्डात फेज-अर्थ लावला, तर क्षणात खाली आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की लाइन तोडणारा स्विच) पडला. मामा खूश. "पडला म्हंजी अर्थिंग झ्याक हाय." पाव अँपच्या आसपास जमिनीत गेला आणि ३० मिलीअँपला तुटणाऱ्या स्विचनं आपलं काम केलं. पण जिथं असा स्विच नाही तिथं ही बल्बची परीक्षा धोक्याची, घरातल्यांनी करू नये.

"बरं झालं, तिसऱ्या भोकात न्यूट्रलचा तुकडा न्हाई घातला," मामा म्हणाले. "लई घरांत घालत्यात. टेस्टर लावला की अर्थिंग असल्यासारखं दिसतंय. पर एक दिस न्यूट्रल तुटली की फ्रिजच्या दाराला फेज."

परसात जुना अर्थिंगचा खड्डा आहे, हे मला लहानपणापासून माहीत. आजी उन्हाळ्यात त्यात तांब्याभर पाणी ओतायची, आम्हाला वाटायचं तुळशीसारखंच काही असेल. माती उकरली. कोळसा-मिठाचा थर, मधे जीआय पाइप, आणि त्यावरून भिंतीकडं जाणारी तार सांध्याशी गंजून तुटलेली. कधी तुटली कोण सांगणार. नाहीतरी माडीपर्यंत ती पोचलेलीच नव्हती.

२२ जून

मामा आणि त्यांचा पोरगा. गिझरच्या लाइनला अर्थ देणाऱ्या नव्या खड्ड्यापासून माडीच्या जुन्या बोर्डापर्यंत दीड स्क्वेअरची हिरवी वायर पाइपातून, आणि जुन्या बोर्डाची फेज-न्यूट्रलही नवीन ओढून त्याच आरसीसीबीखाली घेतली. बॅटनवरची जुनी वायर ओढताना कव्हर हातात चुरा होऊन आलं. ते बघून आत्यानं स्वतःहून खर्चाचं विचारणं बंद केलं.

दुपारी जेवायला तांबडा-पांढरा. मामांचा पोरगा तीन वाट्या पांढरा पिऊन म्हणाला, "आता अर्थिंग झालं." नोंदीत याचं काही काम नाही.

चारला मोजलं. कॅबिनेट ते अर्थ: ०.२ व्होल्ट. माइकची जाळी ते अर्थ: मीटरला दिसेना. टेस्टरचा दिवा लागेना.

घूं: नव्वद टक्के गेली. उरलेली, कान दिला तर. आता खरोखरच दोन्ही यंत्रांना अर्थ आहे आणि दोन वेगवेगळ्या तारांनी आहे. ८ तारखेचं पुस्तकातलं चित्र आता लागू पडलं. दाराच्या बोर्डापासून खाली, तिथून वर खिडकीच्या बोर्डापर्यंत आणि ऑडिओ केबलनं परत: खोलीएवढा वेढा, आणि घरभरच्या वायरींचं चुंबकीय क्षेत्र त्यात बारीकसा करंट फिरवत राहणार.

२३ जून

डेस्कटॉप, मॉनिटर, मिक्सर, डबा, सगळं खिडकीच्या बोर्डातून एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डावर घेतलं. मिळून सगळ्यांचा भार दोन अँपसुद्धा नाही, चालतं. वेढा खोलीएवढा होता तो टेबलाएवढा झाला. ऑडिओ केबल पाच मीटरची होती, गुंडाळी करून डब्यामागं कोंबलेली. ती काढून दीड मीटरची लावली आणि विजेच्या वायरींपासून हातभर लांब नेली. जिथं ओलांडावंच लागलं तिथं काटकोनात.

शांत.

मिक्सरचे नॉबही नीट लावले. आत्या कॉम्प्युटरचा आवाज निम्म्यावर ठेवून मिक्सर आणि डबा दोन्ही फुल करायची. त्यामुळं केबलमध्ये शिरलेलं जे काही असेल तेही फुल. आता कॉम्प्युटर नव्वदवर, डबा तीनवर. यासाठी एक पैसा लागला नाही आणि हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

६ जुलै

दोन आठवडे निरीक्षण. पाऊस झोडपतोय, पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकतेय, लाईट दिवसातून दोन-तीनदा जाते. इन्व्हर्टरवरही आता खरखर नाही. आरसीसीबी एकदा पडला, तो न्हाणीतल्या गिझरनं, आणि ते योग्यच: एलिमेंट गळत होता. बदलला.

आत्यानं तानपुरा लावून काळी चारचा खर्ज पाच मिनिटं ऐकला. हेलकावे नाहीत. नाशिकची शिष्या म्हणाली, "आज एकच तानपुरा लावलाय वाटतं."

डब्यावरचा क्रोशाचा रुमाल काढला होता, तो परत आलाय. मी पुन्हा काढला. याची स्वतंत्र वही घालावी लागेल.

बाकी काम: खालच्या मजल्यावरचे दोन बोर्ड. फ्रिजच्या दाराला टेस्टर लावला, मिणमिणतो. त्या बोर्डातही मागं दोनच तारा असणार. मामा नागपंचमीनंतर येतो म्हणालेत. तोवर फ्रिज गिझरच्या लाइनवरून येणाऱ्या एक्स्टेंशनवर, आणि फ्रिज उघडताना पायात चप्पल. ते दारावर खडूनं लिहून ठेवलंय.